राखेचा हिशेब

रोजनिशीतील पाने, चेन्नई, 2024

3 मे
उद्यापासून कत्तिरी लागतंय, इकडचा ऐन उन्हाळा. 28 तारखेपर्यंत दम धरायचा.
काल राज्याची विजेची मागणी 20,830 मेगावॅटवर गेली. आजवरची सर्वांत जास्त. संध्याकाळी चंद्रपूरला फोन केला तेव्हा बाबांना सांगितलं. त्यांनी विचारलं, "फ्रिक्वेन्सी किती होती?" वीजकेंद्रातून निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, तरी पहिला प्रश्न हाच.

5 मे
रात्री अकरानंतर व्होल्टेज पडलं. पंखा रेंगाळत फिरत होता, एसी बंद करून टाकला. आमच्या तोंडियारपेटला समुद्र इतका जवळ, तरी वारा नाही. लेक उशी घेऊन गच्चीवर गेली.

9 मे
विजेचं बिल आलं. दोन महिन्यांचे 420 युनिट. पहिले 100 सरकारचे.
बिलाच्या पाठीवर पेन्सिलीने हिशेब केला. एका युनिटला साधारण 0.7 किलो कोळसा. 420 युनिटांना 294 किलो. आपल्या कोळशात राख 30 ते 45 टक्के. 40 धरली तर 118 किलो.
सगळी वीज कोळशाची नसते. वारा आहे, ऊन आहे, कल्पाक्कम आहे, कूडनकुलम आहे. निम्मीच कोळशाची धरली तरी आमच्या घराची राख 59 किलो. दोन महिन्यांची. लेकीच्या वजनापेक्षा जास्त.
कुठे पडली असेल ती?

11 मे
कपाट आवरताना ऊर्जानगरच्या शाळेतला फोटो सापडला. मागे चंद्रपूरच्या वीजकेंद्राच्या चिमण्या. तेव्हा आम्हाला त्या सुंदर वाटायच्या. सहलीहून परतताना लांबून चिमण्या दिसल्या की गाडीत ओरडा व्हायचा, घर आलं!

7 जून
दहावीचं विज्ञानाचं पुस्तक चाळलं. ऊर्जेच्या स्रोतांचा धडा नाही. एनसीईआरटीने 2023 मध्ये काढला तो परत आलेला नाही. भार कमी करायचा म्हणून काढला. पोरांचा भार समजतो. पण हाच धडा? आणि तोही आमच्या तिरुवोट्रियूरच्या शाळेत, जिथे हवा स्वच्छ असली की वरच्या मजल्यावरून उत्तरेला चिमण्या दिसतात?
शिकवणार. शनिवारी, शेवटच्या तासाला. परीक्षेत नसेल तर नसू दे.

15 जून
पहिला शनिवार. फळ्यावर काहीच लिहिलं नाही. ट्यूबलाइटकडे बोट केलं. ही वीज कुठून येते?
ईबीकडून, म्हणजे वीज मंडळाकडून. नेय्वेलीहून. कूडनकुलमहून. एक जण म्हणाला, बटणातून. हशा.
मागच्या बाकावरून हळू आवाज आला, "आमच्या घराकडून, मिस."
काट्टुकुप्पमची मुलगी. वडील एण्णूरच्या खाडीत मासेमारी करतात. कोणी हसलं नाही.

22 जून
आज फळ्यावर औष्णिक केंद्र काढलं. कोळसा ओडिशातल्या खाणींतून निघतो, पारादीपला जहाजात चढतो, एण्णूरच्या कामराजर बंदरात उतरतो. मग पट्ट्यावरून बंकर, मिल, बॉयलर. मिलमध्ये कोळशाचं पीठ होतं, हे पोरांना खरं वाटेना. वाफ, टर्बाइन, जनरेटर. कोळशातल्या उष्णतेपैकी तिसऱ्या हिश्श्याच्या थोडीशी वर वीज होते, बाकीची पाण्यात आणि हवेत.
मग तळाला एक चौकोन जास्तीचा काढला. राख. मी पाहिलेल्या पुस्तकांतल्या आकृत्यांत तो चौकोन नसायचा. बाबा वहीत काढून दाखवायचे त्यात असायचा. ते ॲश हँडलिंगला होते.

30 जून
सोसायटीची मीटिंग. गच्चीवर सौर पॅनेल बसवण्याचा विषय मी मांडला. पंप आणि लिफ्टपुरतं. सरकारी अनुदान आहे, घरगुती योजनेइतकं नाही, पण आहे. सेक्रेटरी मामा म्हणाले, पाहू. दुसऱ्या मजल्यावरच्यांना गळतीची भीती. सोसायटीतल्या पाटींचा, म्हणजे आजींचा, प्रश्न सरळ होता, वडाम, इकडचे पापड-सांडगे, कुठे वाळवायचे?
पाटींचा प्रश्न मला सर्वांत रास्त वाटला. गच्चीचा नकाशा काढायला बसले. पाण्याच्या टाकीची सावली दुपारी तीननंतर पूर्वेला सरकते. एका पॅनेलवर सावली पडली तर ओळीतल्या सगळ्यांचं उत्पादन खाली येतं. म्हणजे पूर्वेची ती बाजू तशीही उपयोगाची नाही. ती वडामांना.

16 जुलै
वीजदर 4.83 टक्क्यांनी वाढले, 1 जुलैपासूनच लागू. मीटिंगमध्ये याचा उपयोग होईल.

20 जुलै
आडी हा तमिळ महिना लागला. आडीच्या वाऱ्यात पाटासुद्धा उडतो म्हणतात इकडे. चेन्नईत तेवढा नाही, पण दक्षिणेत खिंडींतून घोंगावत असतो.
वर्गात वारा शिकवला. नैऋत्य मोसमी वारे घाटाला अडतात आणि जिथे खिंड मिळते तिथून निसटतात. पालघाट, शेंकोट्टै, आरल्वायमोळी. तमिळनाडूची पवनऊर्जा 10 हजार मेगावॅटच्या वर गेली ती मुख्यतः अशा फटींमुळे.
पोरांना विचारलं, आपल्याकडे पाऊस नाही तेव्हा सह्याद्रीपलीकडे काय चालू असतं? एकाने बरोबर सांगितलं. तोच पाऊस, तोच वारा. 1915 मध्ये टाटांनी खोपोलीला त्याच पावसाच्या पाण्यावर वीज काढली आणि मुंबईच्या गिरण्या चालवल्या, हेही सांगितलं. माझ्या गावाकडची गोष्ट म्हणून जरा जास्तच वेळ सांगितली.

3 ऑगस्ट
बाबांशी वाद.
"वारा पडला की काय करशील? सूर्य मावळला की?" मी म्हटलं, कडंपारै आहे. 400 मेगावॅट. स्वस्त वीज असते तेव्हा पाणी वर चढवायचं, संध्याकाळी सोडायचं. आपल्याकडे घाटघर आहे तसं.
"400 ने काय होते बेटा? 20 हजार मागून राहिले लोक."
आकड्यात ते बरोबर आहेत. बॅटऱ्या येतायत, म्हटलं. "येऊ दे. आल्या की सांग." फोन आईकडे दिला.

16 ऑगस्ट, नागरकोइल
सहकारी शिक्षिकेच्या भावाचं लग्न. सुट्ट्या जोडून सगळे आलो.
सकाळी आरल्वायमोळीची खिंड पाहिली. मुप्पंदल. केळीच्या बागा, नारळ, आणि त्यांच्या डोक्यावर पवनचक्क्या. डोंगर संपेपर्यंत. चाळकेवाडीला पठारावर पाहिल्या होत्या. इथे एका खांबाच्या बुंध्याला बैल बांधलेला. गाडीचं दार उघडलं तर वाऱ्याने हातातून ओढून घेतलं.
निरखून पाहिलं तेव्हा लक्षात आलं, अगदी खिंडीच्या तोंडाशी सर्वांत जुन्या, बुटक्या चक्क्या. जाळीच्या खांबांवरच्या. नव्वदच्या दशकात ज्यांनी पहिल्यांदा जागा घेतल्या, त्यांनी उत्तम वाऱ्याच्याच घेतल्या असणार. आज तिथे एक मोठं यंत्र लावलं तर अशा पुष्कळ चक्क्यांचं काम एकटं करील. याच महिन्यात राज्याने जुन्या चक्क्या बदलण्याचं धोरण आणलंय. मालक अनेक, जमिनीचे तुकडे लहान. सोपं नाही जाणार. पण नवा कोळसा पेटवण्याआधी या खिंडीकडे बघा की!

17 ऑगस्ट
वारा रात्रीही थांबला नाही. बाबांना सांगायचं लक्षात ठेवलंय.

31 ऑगस्ट
काट्टुकुप्पमच्या मुलीने हॉर्लिक्सची बाटली आणली. खाडीच्या तळाचा गाळ. वडिलांनी बुडी मारून काढला. वर काळसर, खाली करडं, मऊ, पिठासारखं. हाताला चिकटतं आणि सुकलं की उडतं.
चिमूटभर वाळवून काचपट्टीवर घेतलं. मायक्रोस्कोप जुना, चाळीस पटीचं भिंग अजून चांगलं आहे.
गोळे! गुळगुळीत, गोल, काही पारदर्शक, मधेच एखादा काळा. बॉयलरच्या आगीत कोळशातली माती वितळते, वितळून थेंब होतो, धुराबरोबर वर जाताना थिजतो. काचेचा मणी होतो. काही आतून पोकळ असतात, ते पाण्यावर तरंगतात. परीक्षानळीत पाणी घालून हलवलं. वर पांढरट साय धरली.
पोरं रांग लावून बघत होती. "मणी, मिस, मणी." ती मुलगी सर्वांत शेवटी आली आणि बराच वेळ भिंगाला डोळा लावून उभी राहिली. मग म्हणाली, अप्पांच्या पायाला हे लागतं. आधी खाडीचा तळ पायाला घट्ट लागायचा, आता पाय रुततो. कोळंबी कुठे बसणार? इरुळर जमातीच्या बायका हाताने चाचपून कोळंबी धरतात, त्यांच्या हाताला आता हेच येतं.
तास संपल्याची घंटा झाली. कोणी उठलं नाही.

31 ऑगस्ट, रात्री
भिंगावर मोबाइल धरून फोटो काढला होता, तो बाबांना पाठवला. तासाभराने फोन आला. "हे आपलंच आहे ना?" म्हटलं, एण्णूरचं आहे. "तेच ते." तीस वर्षं राख हाताळली, डोळ्यांत गेली, डब्याला लागली. असली कधी पाहिली नव्हती म्हणाले. आईला हाक मारून दाखवला, ते फोनवर ऐकू आलं.

7 सप्टेंबर
गणपती बसला. मूर्ती इथल्याच कुंभाराकडची, साध्या मातीची. मोदक. पाटींनी कोळुकट्टै आणले. दोन्हींत सारण तेच.

13 सप्टेंबर
काल गौरी गेल्या. आवराआवर करून बसलो आणि दहाच्या सुमारास सगळं गेलं. आमची गल्ली, पलीकडची, पुलापलीकडचीही. असा अंधार या शहरात पहिल्यांदा पाहिला. उत्तरेकडच्या एका मोठ्या उपकेंद्रात बिघाड, असं कळलं. मध्यरात्रीनंतर थोडं थोडं परत आलं.
अंधारात लेकीने विचारलं, पवनचक्क्या तर चालू असतील ना? असतील. वारा आहे, कोळसा आहे, मधला रस्ता तुटला. वीज तयार करणं निम्मं काम. हे शनिवारी सांगायला हवं.

1 ऑक्टोबर
काल ब्रिटनने शेवटचं कोळशाचं वीजकेंद्र बंद केलं. रॅटक्लिफ. 1882 मध्ये लंडनला होबर्न व्हायाडक्टवर सुरू झालेली गोष्ट, 142 वर्षांनी संपली.
बाबांना वाटलं मी चिडवतेय. मग विचारलं, "तिथल्या माणसांना कुठे लावलं?" काही जण तिथेच राहणार, प्लांट उतरवायच्या कामावर. "बाकीचे?" उत्तर नव्हतं माझ्याकडे.
बदल हवाच. पण या प्रश्नाला उत्तर न देता जो येईल तो आमच्या चंद्रपूरकडच्या दुर्गापूरच्या, ऊर्जानगरच्या घरांतून येणार. ज्यांनी राज्याला उजेड दिला त्यांच्याच घरांतून. ते मला चालणार नाही.

16 ऑक्टोबर
कालपासून पाऊस. वेळच्चेरीच्या पुलावर लोकांनी गाड्या नेऊन लावल्या. शाळेला सुट्टी. काट्टुकुप्पमला कसं असेल? गेल्या डिसेंबरात मिचाँग वादळाच्या पुराबरोबर खाडीत तेल आलं होतं, होड्या काळ्या झाल्या होत्या.

29 ऑक्टोबर
आई-बाबा आले. जी.टी. एक्सप्रेसने, चंद्रपूरहून थेट. बाबांच्या पिशवीत चिवडा, अनारसे, आणि खाली वर्तमानपत्रात गुंडाळलेली स्वतःची जुनी वही. ती आकृत्यांची.

31 ऑक्टोबर
दिवाळी. इथे पहाटेच तेल लावून अंघोळ आणि फटाके. दुपारी सगळं शांत. बाबा गच्चीवर फेरी मारून आले. टाकीची सावली पावलांनी मोजली. "पॅनेल साफ कोण करील? धूळ बसली की गेलं."

3 नोव्हेंबर
बाबांना खाडीवर नेलं. त्यांचाच हट्ट. मुलगी आणि तिचे वडील पुलापाशी थांबले होते.
कोसस्थलैयार इथे समुद्राला मिळते. पाणी रुंद, करडं. तिवरांच्या कडेने पाइप गेलेले, एकाशेजारी एक. पलीकडे कुठेतरी राखेचं तळं. त्याच्या काठाला सेप्पाक्कम गाव. या बाजूला 1970 च्या दशकातलं जुनं एण्णूर केंद्र, 450 मेगावॅटचं. 2017 मध्ये बंद झालं. आग विझली, राख आहे तिथेच आहे.
बाबा पाण्याकडे बघतच नव्हते. पाइपाकडे. चालत एका वळणापाशी गेले, वाकले. पट्टी मारलेली. पट्टीवर पट्टी. खालची तिवरं राखेने माखलेली.
"बेंडच आधी जातो," म्हणाले. राखेचं पाणी पाइपाला आतून कानशीसारखं घासतं. तळ सर्वांत जास्त झिजतो. म्हणून पाइप ठरावीक काळाने थोडा थोडा फिरवायचा, झीज वाटली जाते, आयुष्य वाढतं. "आम्ही खडूने खूण करायचो. तारीख टाकून." खूण शोधली. नव्हती, किंवा पुसली गेली.
मुलीच्या वडिलांना तमिळशिवाय काही येत नाही, बाबांना तमिळ येत नाही. बाबांनी हातांचा पाइप करून फिरवून दाखवला. ते लगेच समजले. मग त्यांनी काठी घेतली, खाडीत उभी खोचली, बाहेर काढली. राख कुठपर्यंत, पाणी कुठपर्यंत. पाणी कमरेपर्यंतही नव्हतं. हात डोक्यावर नेऊन दाखवलं, पूर्वी इतकं. बाबांनी काठी हातात घेतली आणि वितींनी मोजली. पुन्हा खोचली, दुसरीकडे. दोघं तसेच पुढे गेले.
परतताना गाडीत म्हणाले, "काम नीट केलं असतं तर एवढं नसतं झालं." आई म्हणाली, "नीट केलं असतं तरी राख कुठेतरी टाकावीच लागली असती ना?"
त्यावर कोणी बोललं नाही.

4 नोव्हेंबर
हरित लवादाच्या इथल्या पीठाने 2022 मध्ये या खाडीतल्या राखेवर निकाल दिला, हे बाबांना वाचून दाखवलं. चष्मा लावून स्वतः पुन्हा वाचलं.

8 नोव्हेंबर
आई-बाबा गेले. वही इथेच ठेवून गेले. शाळेत ने, म्हणाले.

17 नोव्हेंबर
मीटिंग. पॅनेल मंजूर. पाटींनी हात वर केला तो सर्वांत आधी. पूर्वेची बाजू त्यांची, असं मिनिट्समध्ये लिहून घेतलं त्यांनी.

30 नोव्हेंबर
फेंगल वादळ. रात्री पुदुच्चेरीजवळ किनाऱ्याला लागलं. पॅनेलचे सांगाडे अजून उभे नाहीत, ते बरं. विमानतळ बंद.

11 डिसेंबर
पॅनेल बसले. दक्षिणेकडे तोंड, तेरा अंशांचा कल, चेन्नईचा अक्षांश तेवढाच. दोन्ही दिशांनी मोजणारा मीटर अजून यायचाय. आभाळ दिवसभर भरलेलं. इन्व्हर्टरवरचा आकडा बघून सेक्रेटरी मामांचा चेहरा पडला. त्यांना सांगितलं, मार्चमध्ये एका किलोवॅटला दिवसाला चार युनिट मिळतील, आणि मेमध्ये ऊन कडक असलं तरी पॅनेल तापल्यामुळे उत्पादन थोडं घटेल, तेव्हा घाबरू नका. लिहून घेतलं त्यांनी.
आमच्या पंपाची राख यापुढे कमी पडेल. खाडीतली आहे ती याने एक वीतही हलणार नाही. दोन्ही वेगवेगळी कामं आहेत.

14 डिसेंबर
एण्णूरच्या बंद केंद्राच्या जागी 660 मेगावॅटचं नवं कोळशाचं युनिट. पुढच्या आठवड्यात जनसुनावणी. मुलीचे वडील बोलणार आहेत. काय विचारू, असं मुलीकरवी विचारलं.
मी विचारलं असतं, कशाला हवंय? खिंडीत वारा आहे, रामनाथपुरम जिल्ह्यात कमुतीचं 648 मेगावॅटचं सौर केंद्र 2016 मध्येच उभं राहिलं, पैसा साठवणुकीत घाला. हे मी लिहून देणारच आहे. पण त्यांना असे प्रश्न हवेत ज्यांना समोरच्याला उत्तर द्यावंच लागेल. बाबांना फोन केला.

15 डिसेंबर
बाबा रात्रभर जागले असावेत. सकाळी सहाला फोन. मी लिहीत गेले.
राख ओली नेणार की कोरडी? कोरडी असेल तर सिमेंटवाल्यांशी करार झालाय का, किती टनांचा? शंभर टक्के राख वापरायचा नियम 2021 चा आहे, पहिल्या वर्षापासून पाळणार का?
पाइप कुठून जाणार? खाडीवरून असेल तर वळणं किती? फिरवल्याची नोंद गावाला बघायला मिळेल का?
फुटला तर बंद करायला किती वेळ? रात्री फोन कोणाला करायचा?
जुनी राख आधी उचलणार की नवी आधी टाकणार?

17 डिसेंबर
मुलीने तमिळमध्ये उतरवलं. वडिलांनी त्यात एक भर घातली, खाडी किती खोल होती आणि आता किती आहे हे कोण मोजणार, आणि आमच्यासमोर मोजणार का?
फोनवर बाबांना वाचून दाखवलं, मराठीत. "त्याचा प्रश्न पहिला घे. माझे नंतर. वेळ कमी देतात अशा ठिकाणी."

18 डिसेंबर
क्रम बदलून पुन्हा लिहिलं. मोठ्या अक्षरात, एका पानावर. मुलीने तीन झेरॉक्स काढल्या. एक तिच्या आत्याकडे, ती बायकांच्या रांगेत बसणार आहे.